नानांचा आजचा भाव

इंटरनेटचा भाव रोज सकाळी ठरतो, असं मानणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. शांताराम नाना.

जळगावात नवी पेठेच्या मागच्या गल्लीत माझी टायपिंगची इन्स्टिट्यूट होती आणि तिच्या भिंतीला भिंत लावून नानांचं सायबर कॅफे. सकाळी शटर वर गेलं की नाना उदबत्ती लावत, पाचही कॉम्प्युटरांना ओवाळत, मग बाहेर येऊन गल्लीच्या दोन्ही टोकांकडे बघत. आभाळाकडे बघत. थोडा विचार करत. आणि दारातल्या काळ्या फळ्यावर खडूने लिहीत : 'आजचा भाव. तास रु. ३८.'

काल चाळीस असायचा. उद्या पस्तीस असेल, नाहीतर बेचाळीससुद्धा.

"नाना, आज उतरला का हो?" मी विचारायचे.

"उठाव नही, ताई. परीक्षा संपन्यात, पोरं गावाले गयात. माल पडी राहीन त्यापेक्षा दोन रुपये खाली बरा."

नाना मूळचे चोपडा तालुक्यातले. उभी हयात केळीच्या एका व्यापाऱ्याकडे गेलेली. बागेत जायचं, घड बघायचा, भाव सांगायचा. आज सांगितलेला भाव उद्या राहील याची खात्री नाही, हे त्यांच्या रक्तात होतं. व्यापाऱ्याने धंदा आवरला तेव्हा नाना साठवलेले पैसे घेऊन जुना टेम्पो घ्यायला जळगावला आले. टेम्पोवाला भेटला नाही. त्याच्या शेजारचा माणूस मात्र आपलं सायबर कॅफे विकून पुण्याला निघाला होता. त्याने चहा पाजला. नाना संध्याकाळी गावी परतले ते पाच कॉम्प्युटर, आठ खुर्च्या आणि एका टेलिफोन लाइनचे मालक होऊन. नाना म्हणायचे, "टेम्पोले डिझेल लागस. याले नही." विजेचं बिल आलं तेव्हा ते बराच वेळ हातात धरून बसले होते.

त्यांची बायको आमची ओळख व्हायच्या आधीच गेली होती. मूलबाळ नव्हतं. दुकानामागच्या खोलीत एकटे राहत. त्याविषयी विचारलं तर एवढंच म्हणत, "आमनं घर लहान शे," आणि विषय पाण्याच्या टँकरवर नेत.

केळी सुटली, पण केळीची भाषा सुटली नाही. एक तास म्हणजे घड. पाव तास म्हणजे फणी. एखाद्याला फक्त मेल आलाय का एवढंच बघायचं असेल तर ते सुटं केळं. आठवडाभरात गिऱ्हाइकंही तसंच बोलू लागली. कॉलेजातल्या मुली येऊन बिनदिक्कत म्हणायच्या, "नाना, दोघींत मिळून एक फणी द्या ना." पान लवकर उघडलं की माल पिकलेला, अडकलं की माल कच्चा. लाइट गेली, आणि उन्हाळ्यात ती रोज जायची, की नाना जाहीर करत, "गाडी रस्त्यात अडकनी. बसा, पाणी प्या."

उन्हाळ्यासाठी एक कूलर होता. त्याचं तोंड कॉम्प्युटरांकडे. गिऱ्हाइकाने कुरकुर केली की नाना म्हणत, "तुले घाम येस. त्याले येस का? मग त्यानं काय करावं?"

पण त्यांचा खरा नियम वेगळा होता. जे दिसलं नाही त्याचे पैसे घ्यायचे नाहीत. त्या काळी टेलिफोनच्या तारेतून इंटरनेट यायचं. आधी यंत्र किंचाळायचं, मग खाकरायचं, मग लागलं तर लागायचं. बाकीचे कॅफेवाले माणूस खुर्चीत टेकला की घड्याळ लावत. नाना गिऱ्हाइकाच्या मागे उभे राहत आणि पान उघडलं की मगच म्हणत, "आते सुरू."

एकदा असोद्याहून एक गृहस्थ आले. मुलीसाठी पुण्याचं स्थळ आलं होतं आणि मुलाकडच्यांनी फोटो मेलवर पाठवला होता. गृहस्थ टोपी काढून खुर्चीत बसले. नानांनी फोटो उघडला. फोटो वरून खाली, पट्टी पट्टीने उतरू लागला. आधी पंखा दिसला. मग भिंत. मग केस.

"केस बरे आहेत," गृहस्थ म्हणाले.

"दाट शेत," नानांनी दुजोरा दिला.

मग कपाळ आलं. मग चष्म्याची वरची कड. एव्हाना शेजारच्या खुर्च्यांवरची पोरंही मान वळवून बघत होती, आणि आवाज ऐकून मीही दारात जाऊन उभी राहिले होते. चष्मा पूर्ण झाला, नाक निम्मं उतरलं आणि लाइट गेली.

गृहस्थ हळहळत उठले आणि खिशात हात घातला. नानांनी तो हात धरला. "अर्धाच नवरदेव दिसना. त्याना काय पैसा लेवाना?"

दुसऱ्या दिवशी गृहस्थ बायकोला घेऊन आले, सोबत भरताची वांगी. त्या दिवशी नवरदेव हनुवटीपर्यंत उतरला, पुढे शर्टाच्या बटणांपर्यंत आला. बायकोने डोळ्याला पदर लावला. नानांनी फणीचे पैसे घेतले आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, "पोरगा चांगला शे. पण ताई, नाकाखाली इतका येळ लागना, माले वाटनं याले तोंडच नही."

असं सगळं सुरळीत चाललं असताना समोर सलीमभाईंनी कॅफे उघडलं.

सलीमभाई नानांपेक्षा दोन-चार वर्षांनी लहान. इस्त्रीचा पांढरा कुर्ता, नेमकं बोलणं, आणि हातात सतत एक पिवळं फडकं. त्यांच्या कॅफेला काचेचा दरवाजा होता. आत प्लायवूडच्या खोपट्या, खोपट्यांना पडदे, आणि कूलरचं तोंड माणसांकडे. दारावर रंगवलेला बोर्ड : 'तास रु. २५. एकच भाव.'

नाना तो बोर्ड वाचून माझ्या दारात येऊन बसले. पंचवीसचं त्यांना काही वाटलं नव्हतं. त्यांना लागलं होतं ते 'एकच भाव'.

"बारा महिने एक भाव? हाऊ बाजार शे का दवाखाना?"

दुसऱ्या दिवशी फळ्यावर आकडा आला चोवीस. सलीमभाई फडकं घेऊन बाहेर आले, काच पुसता पुसता त्यांनी समोरचा आकडा वाचला आणि आत गेले. दुपारी त्यांच्या बोर्डावरच्या पंचवीसवर कागदाची पट्टी चिकटली : बावीस. नानांनी ओल्या बोटाने चोवीस पुसून एकवीस केले. सलीमभाईंनी पट्टीवर पट्टी लावली. नानांना खडूचा फायदा होता, आकडा क्षणात बदलायचा. सलीमभाईंच्या बोर्डावर पट्ट्यांचा थर इतका वाढला की पावसाळ्यात तो फुगला आणि एके दिवशी सगळाच्या सगळा गळून पडला. खालून मूळचे पंचवीस पुन्हा वर आले. ते पाहून नानांच्या दुकानात इतकी गर्दी झाली की दोन माणसं एका खुर्चीवर बसली.

मग दोघांनीही शहाणपणा शिकायला सुरुवात केली. आधी आकडा कोण लिहितो याची वाट बघायची. सकाळी नाना खडू घेऊन फळ्यापाशी उभे, सलीमभाई डिंकाची बाटली घेऊन दारात उभे. कुणी पुढे होईना. कॉलेजची पोरं मध्ये रस्त्यात सायकली टेकवून थांबलेली, लिलावाला थांबतात तशी. कधी नाना मला खुणावत, "ताई, जरा समोर जाऊन या, काय हालचाल शे पहा." मी जायचे. सलीमभाई अदबीने म्हणायचे, "या ताई. नानांना सांगा, अजून ठरलं नाही."

कमाल म्हणजे या सगळ्या काळात दोघं एकमेकांशी एक शब्द बोलले नव्हते. गल्ली तेरा-चौदा फूट रुंद. नाना शिंकले तर सलीमभाईंचा पडदा हलावा एवढंच अंतर. पण जे काही बोलायचं ते आकड्यांतून, नाहीतर माझ्यामार्फत.

बोलणं झालं ते बारावीच्या निकालाच्या दिवशी.

निकाल इंटरनेटवर लागायला लागला होता आणि त्या दिवशी शहरातलं प्रत्येक कॅफे भाव चढवायचं. एक निकाल बघायचे दहा रुपये, कुठे वीस. चोपडा, यावल, फैजपूर, सगळीकडून पोरं बसने यायची, सोबत बाप, मामा, कधी अख्खं घर. मला वाटलं, आज नाना शंभर लिहिणार. इतक्या वर्षांचा बाजार त्यांनी पाहिलेला. उठाव एवढा आणि माल एवढासा, असा दिवस वर्षातून एकदाच यायचा. गल्ली माणसांनी भरली. नाना खडू घेऊन बाहेर आले, गल्लीच्या दोन्ही टोकांकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं आणि फळ्यावर लिहिलं : 'आज भाव नाही.'

लोकांना आधी वाटलं दुकान बंद आहे. नाना ओरडले, "अरे, फुकट शे! रांग लावा. ढकलू नका."

सगळी गल्ली एका बाजूला कलली. सलीमभाईंच्या दारात कुणी उरलं नाही. थोड्या वेळाने ते काचेच्या दरवाजातून बाहेर आले, सरळ रस्ता ओलांडला आणि नानांसमोर येऊन उभे राहिले. हातात फडकंही नव्हतं.

"नाना, ही कुठली पद्धत? वर्षातून एक दिवस कमाईचा. तुम्ही स्वतः बुडा, मला कशाला बुडवता?"

नाना एका मुलीचा बैठक क्रमांक टाइप करत होते, एका बोटाने. वर न बघता म्हणाले, "निकाल काय माल शे का, सलीमभाई? तो या पोरीना शे. अभ्यास हिनी करा, पेपर हिनी लिखा. स्वतःनी वस्तू पाहाले कोणी पैसा देस का?"

"मग लाइनचं बिल कोण भरणार?"

"ते मी उद्या दोन रुपये चढाईसन काढसू."

सलीमभाई काही बोलणार तेवढ्यात पान उघडलं. मुलगी पास झाली होती. तिच्या वडिलांनी समोर जो उभा होता त्याला मिठी मारली. समोर सलीमभाई उभे होते. इस्त्रीच्या कुर्त्यावर गुलालाचा पंजा उमटला. त्यांनी तो एकदा हाताने झटकला. मग मागे वळून रांगेला म्हणाले, "अर्धे लोक समोर चला. तिकडे पण फुकट आहे. कूलर आहे."

त्या संध्याकाळी दुकानं आवरल्यावर दोघं माझ्या इन्स्टिट्यूटच्या ओट्यावर बसून तावातावाने भांडले. चहा आला, तो पिऊन पुन्हा भांडले. दुसऱ्या दिवशी भाव पुन्हा खडूने आणि पट्टीने सुरू झाले, पण संध्याकाळचं भांडण कायम झालं. एकाने दुसऱ्याला धंदा शिकवायचा आणि दुसऱ्याने तो साफ चुकीचा आहे हे सिद्ध करायचं. एकदा सलीमभाई कंटाळून म्हणाले, "नाना, आपण दोघं मिळून एक भाव धरू. पंधरा. तुमचंही बरं, माझंही बरं. रोजची कटकट मिटली."

नाना दचकलेच. "मंग रोज बोलाले काय ऱ्हाई?"

भाव मात्र उतरतच गेला. पंधराचे बारा झाले, बाराचे दहा. तारेची जागा जाड वायरने घेतली, पान बघता बघता उघडायला लागलं, आणि नानांना कुणाच्या मागे उभं राहायचं कारण उरलं नाही. मग इंटरनेट लोकांच्या खिशात गेलं. एक पोरगा नानांच्याच पायरीवर बसून मोबाइलवर क्रिकेट बघत होता. नानांनी त्याला विचारलं, "याना भाव काय?"

"महिन्याचा एकदम भरतो, नाना. मग कितीही बघा."

"आणि उद्या उतरना तर?"

पोराला प्रश्नच समजला नाही.

आधी सलीमभाईंनी आवरलं. थोरल्या मुलाचं धुळ्याला मोबाइलचं दुकान होतं, तो न्यायला आला. सामान टेम्पोत चढत होतं तेव्हा नाना बाहेर आले नाहीत. आत काहीतरी खुडबूड करत राहिले. टेम्पो वळणावरून गेल्यावर बाहेर आले आणि फळ्यावर 'तास रु. ४०' लिहिलं.

"चाळीस, नाना?"

"समोरनं दुकान गये, ताई. भाव चढसच."

त्या दिवशी एकही गिऱ्हाईक आलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी फळा आत घेतला. पुढे कॉम्प्युटर भंगारात दिले, एक ठेवला आणि ऑनलाइन अर्ज भरून द्यायचं काम सुरू केलं. मीही टायपिंगची यंत्रं विकून कॉम्प्युटरचे वर्ग घ्यायला लागले होते. शेजार टिकला, पण नाना गप्प झाले. आभाळाकडे बघायचेही थांबले.

त्यानंतर काही महिन्यांनी त्यांना नवीनच खूळ लागलं. अर्ज भरायला आलेल्या माणसाला नाव, गाव, जन्मतारीख विचारून झाली की ते विचारत, "घरमा बंद घड्याळ शे का?"

लोक बिचकायचे. काहींना वाटायचं, हाही अर्जातला रकाना आहे. पण लोक देऊही लागले. हातातली, भिंतीवरची, लग्नात आलेली, पट्टा तुटलेली. नाना ती दुरुस्त करून आणून देत आणि एक पैसा घेत नसत. काही मालकांना ती परत नकोच असायची. मग ती नानांच्या खोलीत खिळ्यांना लटकत. मी विचारलं, तर म्हणाले, "बंद चीज बरी नही, ताई." मला वाटलं, वय झालं. एकटा माणूस, काहीतरी धरून बसतो.

महिन्यातून एकदा ते कुठेतरी जात. विचारलं तर 'बाजार पाहाले'.

गेल्या हिवाळ्यात बहिणीकडे साखरपुडा होता म्हणून मी धुळ्याच्या बसमध्ये चढले, तर खिडकीशी नाना. मांडीवर रुमालाची गाठोडी. मला पाहून ते गडबडले, मग शाळेतल्या पोरासारखे खिडकीबाहेर बघत बसले. पारोळा गेल्यावर म्हणाले, "सलीमभाईकडे जाई राह्यनू. तुम्ही बी चला. तुमनी आठवण काढतस."

आग्रा रोडला मुलाचं दुकान होतं. मोबाइलची कव्हरं झालरीसारखी लटकलेली, आणि त्यांच्या मागे कोपऱ्यात एक छोटं टेबल. टेबलापाशी, डोळ्याला भिंग लावून, सलीमभाई. ते मूळचे घड्याळजी, वडिलांपासून तेच काम, आणि कॅफेच्या आधी अर्धं आयुष्य त्यांनी त्यात काढलं होतं, हे मला त्या दिवशी कळलं.

"या ताई," ते उठले. नानांना मात्र 'या' म्हटलं नाही. फक्त टेबल पुसलं.

नानांनी गाठोडी सोडली. पाच-सहा घड्याळं. सलीमभाईंनी एक उचललं. "साठ."

"साठ? ऐंशीमा नवं येस!"

"मग नवं घ्या."

"तीस."

"तीसमध्ये मी फक्त धूळ झटकतो. झटकू?"

मोबाइल बघायला आलेली दोन गिऱ्हाइकं हसायला लागली. सलीमभाईंचा मुलगा माझ्यासाठी स्टूल ओढत म्हणाला, "यांचं असंच चालतं, ताई. संध्याकाळपर्यंत." भांडण पंचेचाळीसपर्यंत आलं आणि तिथे अडलं. नाना रागाने उठले. "मी चहा आणस. इथला चहा पाणचट शे, तिकडला आणस." आणि रस्ता ओलांडून गेले.

ते दिसेनासे झाल्यावर सलीमभाईंनी भिंग काढलं. हातातलं घड्याळ माझ्यासमोर धरलं. "हे बघा. हे पुन्हा पुन्हा येतं. मी चालू करून देतो, पुढच्या महिन्यात ते बंद होऊन येतं. आत सेल उलटा बसवलेला असतो."

मी रस्त्यापलीकडे पाहिलं.

"त्यांना वाटतं, इथे माझ्याकडे कोणी येत नाही, रिकामा बसून मी झुरतो," सलीमभाई म्हणाले. "खोटं नाही. येत नाहीच कोणी. पण ताई, तुम्ही त्यांना सांगू नका की मला कळलंय. लाजतील, येणं बंद करतील. आणि त्यांना तिकडे कोण आहे?" त्यांनी घड्याळाचं झाकण उघडलं, चिमट्याने सेल सुलटा केला. काटा चालू लागला. "म्हणून मी पण सगळी घड्याळं एका दिवसात देत नाही. एखादं ठेवूनच घेतो."

नाना दोन्ही हातांत ग्लास सांभाळत परत आले. पहिला त्यांनी सलीमभाईंपुढे ठेवला, दुसरा मला दिला. स्वतःसाठी आणलाच नव्हता. दोनच हात, असं म्हणाले. सलीमभाईंनी न विचारता आपला अर्धा चहा बशीत ओतून त्यांच्याकडे सरकवला.

"झालं का ते?" नानांनी विचारलं.

सलीमभाईंनी चालू घड्याळ मुठीत घेतलं. "नाही हो. अवघड आहे. आतून बिघडलंय."

"माले वाटनंच व्हतं," नाना समाधानाने म्हणाले आणि बशी तोंडाला लावली.

माझी साखरपुड्याला जायची वेळ होत होती. मी उठले. नानांना विचारलं, संध्याकाळच्या बसला सोबत येणार का. त्यांनी स्टूल टेबलाजवळ ओढलं.

"तुम्ही व्हा पुढे, ताई," ते म्हणाले. "आमले येळ लागी."